दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द करावी काय? एका परिसंवादाच्या टिपणासाठी मते हवी आहेत

शाळामास्तर

आमच्या तालुक्यातील काही मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ मिळून पुढील महिन्यात या विषयावर परिसंवाद घेत आहेत आणि चर्चेचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. परीक्षेमुळे मुलांवर येणारा ताण आणि ‘परीक्षा नसेल तर मुले अभ्यास करणार नाहीत’ हे दोन्ही मुद्दे इतक्या वेळा मांडून झाले आहेत की त्यांत नवे काही सांगण्यासारखे उरलेले नाही. म्हणून ते बाजूला ठेवून उत्तरे द्यावीत, अशी विनंती आहे.

मला प्रश्न पडतो तो असा. आपल्या राज्य मंडळाची स्थापना १९६६ साली झाली आणि दहा अधिक दोन या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. त्यामागे कोठारी आयोगाची कल्पना होती : दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण मिळावे आणि त्यानंतर वाटा फुटाव्यात, कोणी महाविद्यालयाकडे जावे, कोणी आयटीआयकडे, तर कोणी थेट नोकरीत. वाटा फुटण्याच्या ठिकाणी एक सार्वजनिक परीक्षा असणे त्या काळी सुसंगत होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मात्र नववी ते बारावी ही चार वर्षे मिळून एकच टप्पा मानला आहे. म्हणजे दहावीची परीक्षा आता टप्प्याच्या शेवटी न येता त्याच्या ऐन मध्यावर येते. (या धोरणाने दहावीचे बोर्ड रद्द केले, असा संदेश अजूनही पालकांच्या गटांवर फिरत असतो. तो खोटा आहे. परीक्षा सोप्या कराव्यात आणि वर्षातून दोन संधी द्याव्यात एवढेच धोरण सांगते, आणि सीबीएसईने २०२६ पासून दहावीसाठी तशी योजना जाहीर केलेली आहे.)

मग या परीक्षेचे नेमके काम आज काय उरले आहे? दिवाळीच्या आसपास अभ्यासक्रम उरकायचा आणि पुढचे तीन महिने सराव परीक्षा, पूर्वपरीक्षा आणि अपेक्षित प्रश्नसंच यांत घालवायचे, हे आमच्याकडील बहुतेक शाळांचे वेळापत्रक आहे. त्याहून मला खटकते ती नववीची गोष्ट. आठवीपर्यंत सहसा कोणाला नापास केले जात नाही आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा असा आग्रह असतो. त्यामुळे गाळणी नववीत लावली जाते. परीक्षा दहावीची, आणि तिच्यासाठी मुले अडतात नववीत, याबद्दल फारसे कोणी लिहिताना दिसत नाही. ही परीक्षा काढून टाकली तर तिच्या जागी काय येईल, असा प्रयोग आधी कोठे झाला आहे काय आणि त्याचे पुढे काय झाले, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त नियामक

मास्तर, मी गणित शिकवीत असे आणि निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे आधी परीक्षक व नंतर नियामक म्हणून मंडळाचे काम केले आहे. परीक्षेचे काम काय, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे : मुलाला न ओळखणाऱ्या माणसाने त्याचे लिहिलेले वाचणे. केंद्रावरून उत्तरपत्रिका त्या सांभाळणाऱ्या परिरक्षकाकडे जातात, तेथून त्या भलत्याच गावच्या शिक्षकाकडे पोहोचतात. त्याच्यासमोर असतो एक बारकोड आणि गुणदानाची योजना. मुलाचे आडनाव, गाव, वडिलांचा हुद्दा, त्याने कोणाकडे शिकवणी लावली होती, वर्गात तो उद्धट होता की गुणी, यांपैकी काहीही परीक्षकाला ठाऊक नसते. परीक्षकाच्या तपासणीवर नियामकाची नजर असते, नियामकावर मुख्य नियामकाची, आणि इतके करूनही शंका उरली तर विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. वर्गशिक्षकाने दिलेल्या गुणांविरुद्ध असे दाद मागण्याचे ठिकाण कोणत्या शाळेत आहे?

या व्यवस्थेचे दोष मी जवळून पाहिले आहेत. तुटपुंज्या मानधनावर गठ्ठेच्या गठ्ठे ठरलेल्या मुदतीत संपवायचे असतात, आणि अशा घाईत कृतिप्रश्नाचे वेगळ्या रीतीने लिहिलेले पण बरोबर असलेले उत्तर कापले जाण्याचा धोका खरा आहे. एकतीस-बत्तीस गुणांवर अडकलेला पेपर पुन्हा चाळून पाहण्याचा मोह तर सर्वांनाच होतो, आणि तो मोह मी वाईटही मानत नाही.

परंतु पर्याय म्हणून ज्या अंतर्गत मूल्यमापनाचे नाव घेतले जाते त्याचा आपल्या राज्यातील अनुभव पाहा. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे शाळेच्या हातातील २० गुण काढून घेण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. ओरड झाली, गुण परत मिळाले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ च्या परीक्षेला अभ्यासक्रमही बदललेला होता, त्यामुळे संपूर्ण घसरण या एकाच कारणाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. आणि २०२० साली टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तरीसुद्धा वर्षभर मुलांना शिकवणारे शिक्षक तेच, मुलांची घडणही तीच, आणि शाळेच्या हातातले वीस गुण जाताच एवढा फरक पडतो, यावरून ते गुण कसे दिले जात होते हे कळायला वेगळ्या अभ्यासगटाची गरज नाही.

२०२१ साली तर परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या वर्षातील लेखी कामावरून ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० अशी विभागणी ठरली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या साथीच्या वर्षात दुसरे काही करणे शक्य नव्हते, हे मी मान्य करतो. पण परीक्षा रद्द केल्यावर काय होईल याचे उत्तर कल्पनेत शोधण्याची गरज नाही. ते मंडळाच्या दप्तरात आहे.

उलटतपासणी

नियामक सरांनी तपासणीची जी पद्धत सांगितली तिच्याबद्दल मला आदर आहे, पण तेथेच माझी शंकाही सुरू होते. इतक्या काळजीने केलेल्या मापनातून निष्पन्न काय होते? २०२५ च्या दहावीला साधारण साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थी बसले आणि ९४.१० टक्के उत्तीर्ण झाले. अनुत्तीर्णांची संख्या नव्वद हजारांच्या आसपास जाते. त्याच वर्षी राज्यभरात अकरावीच्या जागा वीस लाखांहून अधिक होत्या. म्हणजे या नव्वद हजारांना वर्गात बसायला जागा होती, शिक्षक होते, बाके होती. आपण त्यांना अडवले ते जागा कमी होत्या म्हणून नव्हे. गुणपत्रिकेवर ‘नापास’ शब्दाऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असे छापून त्यांचे नेमके काय भले झाले, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. हे झाले खालच्या टोकाचे. वरच्या टोकाला सर्वोत्तम पाच विषयांची बेरीज, त्यावर क्रीडा आणि कला यांचे वाढीव गुण, आणि मग शंभर टक्के मिळवणाऱ्या मुलांची संख्याच शेकड्यांनी. मुंबई-पुण्यातील ज्या मोजक्या महाविद्यालयांसाठी खरी चुरस असते तेथे अर्ध्या टक्क्याच्या फरकाला काही अर्थ उरत नाही. खाली विनाकारण अडवणारी आणि वर कोणातही भेद न करू शकणारी परीक्षा आपण लाखो मुलांच्या आयुष्यातील दोन वर्षे खर्चून घेतो.

अंतर्गत गुणांविषयी मात्र सरांनी एक बाजू सोडली. ते गुण फुगतात, कारण ते बोर्डाच्या बेरजेत मिळवले जातात. एखाद्या प्रामाणिक शिक्षिकेने तोंडी परीक्षेला चौदा गुण दिले आणि शेजारच्या शाळेने सर्वांना एकोणीस दिले, तर नुकसान तिच्याच विद्यार्थ्यांचे होते. असे असताना तिने प्रामाणिक का राहावे? गुणांची ही स्पर्धाच उरली नाही, तर फुगवण्याचे कारणही उरणार नाही. फिनलंडमध्ये नऊ वर्षांच्या शालेय शिक्षणाअखेर देशव्यापी परीक्षा नसते, शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींवर पुढचा प्रवेश होतो, आणि सार्वजनिक परीक्षा येते ती थेट उच्च माध्यमिकच्या शेवटी. आपल्याकडेही गुणवत्ता यादी बंद झाली तेव्हा मोठा गहजब झाला होता. आज त्या यादीची आठवण फक्त जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांत उरली आहे आणि शिक्षणाचे त्यामुळे काही बिघडलेले दिसत नाही.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि येथील २०२० चा प्रकार पालक म्हणून पाहिला आहे, म्हणून एवढीच भर घालतो. त्या वर्षी परीक्षा रद्द झाल्या आणि शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या अपेक्षित श्रेणी कळवायच्या असे ठरले. शिक्षक उदारपणे श्रेणी देतील हे गृहीत धरून परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफक्वाल या संस्थेने त्या श्रेणी एका गणिती सूत्रातून काढल्या, आणि त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे वजन होते. १३ ऑगस्टला ए-लेव्हलचा, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेचा, निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ चाळीस टक्के श्रेणी खाली आणलेल्या होत्या. ज्या सरकारी शाळांचे पूर्वीचे निकाल यथातथा होते तेथील हुशार मुलगा आपल्या शाळेच्या इतिहासापायी खाली आला, आणि जेथे एखाद्या विषयाला मोजकीच मुले होती तेथे सूत्र फारसे लागूच झाले नाही, त्यामुळे छोट्या वर्गांच्या खाजगी शाळा सुटल्या. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि १७ ऑगस्टला सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले. पुढील वर्षी श्रेणी पुन्हा शिक्षकांच्या हाती दिल्या. तेव्हा ए-लेव्हलमधील सर्वोच्च दोन श्रेणींचे प्रमाण, जे २०१९ मध्ये २५.४ टक्के होते, ते ४४.८ टक्क्यांवर गेले.

उलटतपासणी यांना माझा प्रश्न असा आहे : येथील शिक्षकांवर आपल्याकडच्याप्रमाणे शेजारच्या शाळेची स्पर्धा नेहमीच डोक्यावर नसते, तरीही त्यांनी श्रेणी चढवल्या. रोज समोर बसणाऱ्या मुलाचे भवितव्य आपल्या लेखणीवर अवलंबून आहे म्हटल्यावर कोणता शिक्षक हात आखडता घेईल? हा त्यांच्या सचोटीचा प्रश्न नाही. शिकवणारा आणि न्याय देणारा अशी दोन्ही कामे एकाच माणसावर टाकली की असे होणारच.

दाभोळ खाडी

चर्चा अकरावीच्या प्रवेशाभोवती फिरते आहे. दहावीच्या प्रमाणपत्राचा उपयोग तेवढाच असता तर ती योग्यही ठरली असती. आमच्या कोकण विभागाचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात पहिला असतो, त्याचे आम्हांला कौतुक आहेच. पण या प्रमाणपत्राला आमच्याकडे किंमत आहे ती निराळ्या कारणांनी.

पहिले कारण पासपोर्टचे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर स्थलांतर-तपासणीची अट लागते, आणि आखातातील बहुतेक देशांत नोकरीसाठी जाण्याआधी त्याला सरकारी परवानगी मिळवावी लागते. दहावी उत्तीर्णाला ती लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात ज्या घरातले कोणीतरी मस्कतला किंवा कुवेतला आहे, त्या घरात हा फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुसरे कारण टपाल खात्याचे. ग्रामीण डाक सेवकाची निवड केवळ दहावीच्या गुणांवरून होते, त्यासाठी वेगळी परीक्षा नसते. आयटीआय आणि तंत्रनिकेतनातील पदविकेचे प्रवेशही याच गुणांवर होतात. उद्या हे गुण शाळांनीच द्यायचे ठरवले, तर टपाल खाते कोकणातल्या एका शाळेचे नव्वद आणि विदर्भातल्या दुसऱ्या शाळेचे नव्वद एकाच मापाचे कसे मानणार? त्याला स्वतःची परीक्षा सुरू करावी लागेल, आयटीआयलाही आपली वेगळी घ्यावी लागेल. एक परीक्षा काढून टाकून पाच परीक्षा उभ्या करायच्या आणि प्रत्येकीची शिकवणी वेगळी लावायची, हे खेड्यातील पालकाला परवडणारे नाही.

आणि सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांचा, म्हणजे शाळेत न जाता खाजगीरीत्या दहावीला बसणाऱ्यांचा, विचार येथे कोणीच केलेला नाही, हे मला सर्वांत जास्त जाणवले. आठवी-नववीत शाळा सुटलेल्या, लग्न होऊन मुले झालेल्या आणि तिशीत नोकरीसाठी किंवा नुसत्या जिद्दीने दहावीला बसणाऱ्या बायका मी दरवर्षी पाहतो. त्यांना नेमून दिलेल्या शाळेत तोंडी-प्रात्यक्षिकापुरते जावे लागते, एवढेच. वर्षभर त्यांचे निरीक्षण करून श्रेणी देईल असा शिक्षक त्यांना नसतो. त्यांच्या बाबतीत ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ कोणी करायचे? सासूने? ज्याला शाळेचा आधार आहे त्याला सार्वजनिक परीक्षा जाच वाटू शकते. ज्याला शाळाच नाही त्याच्याकडे तेवढे एकच दार उघडे असते.

वकिली चष्मा

मास्तरांनी विचारलेला प्रयोग आपल्या देशातच झालेला आहे. सीबीएसईने दहावीची बोर्डाची परीक्षा २०११ पासून ऐच्छिक केली होती. शाळा बारावीपर्यंत असेल आणि मूल त्याच मंडळात पुढे शिकणार असेल, तर त्याने शाळेने घेतलेली परीक्षा द्यावी. मंडळ सोडून जाणाऱ्याने बोर्डाची द्यावी, असा तो नियम होता. त्यासोबत वर्षभरात चार आकारिक आणि दोन संकलित चाचण्या होत्या आणि निकाल श्रेणींत लागत असे. श्रेणीच्या सरासरीला साडेनऊने गुणले की टक्के निघतात असे मंडळाने सांगितल्यामुळे अकरावीच्या प्रवेशासाठी पालक साडेनऊचा पाढा म्हणू लागले, हा भाग वेगळा. २०१८ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची झाली. या सात वर्षांत सक्ती गेली होती, परीक्षा नव्हे. आणि दोन प्रकारची प्रमाणपत्रे कायद्याने समान असली तरी पालकांच्या मनात ती समान झाली नाहीत.

राज्य मंडळाला मात्र असा प्रयोग एकट्याने करता येणार नाही, कारण आपल्याकडे अकरावीच्या एकाच जागेसाठी राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई अशा तीन मंडळांची मुले उभी असतात. या तुलनेच्या प्रश्नाने मागे काय घडवले ते आठवून पाहा. २००८ साली सरकारने पर्सेंटाइलचे, म्हणजे आपापल्या मंडळातील मुलांच्या तुलनेत गुण मोजण्याचे, सूत्र आणले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला, तोही टिकला नाही. २०१० साली ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरण्याचे सूत्र, आले, उच्च न्यायालयाने तेही रद्द केले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ते वाचवले. तीनही वर्षी विद्यार्थी पावसाळाभर घरी बसून होते. २०२१ साली परीक्षा न झाल्यामुळे सरकारने अकरावीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा जाहीर केली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती, इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने आक्षेप आला आणि १० ऑगस्ट रोजी, म्हणजे परीक्षेला अकरा दिवस उरले असताना, मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जेथे निरनिराळ्या मंडळांचे गुण एका रांगेत लावायचे आहेत तेथे एका मंडळाने परीक्षा सोडली, तर त्या मंडळाच्या गुणांवर पहिला संशय घेतला जाईल, आणि आपल्या राज्यात ती मुले प्रामुख्याने मराठी माध्यमाची आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून वर आलेली असतील. शिवाय हे सर्व करायचे तर १९६५ च्या मंडळ-अधिनियमालाच हात घालावा लागेल, शासन निर्णयाने भागणार नाही.

उलटतपासणी

दाभोळ खाडी यांचा सतरा नंबरचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे, हे मोकळेपणाने सांगतो. पासपोर्टचा तितका नाही, कारण तो केंद्र सरकारने आपल्या नियमातील एक ओळ बदलली की सुटेल. लीड्सकरांच्या प्रश्नावर एवढेच म्हणेन की येथील आणि तेथील दोन्ही उदाहरणे साथीच्या वर्षांतील आहेत. परीक्षेसाठी बांधलेल्या व्यवस्थेतून अचानक परीक्षा काढली तर काय होते, हे त्यांवरून दिसते. पहिल्यापासून परीक्षेविना उभारलेल्या व्यवस्थेबद्दल ती काही सांगत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे थोडे बदलून मांडतो. परीक्षा राहू द्या, पण अकरावीत जाण्याचा तिच्याशी असलेला संबंध तोडा. ज्याला टपाल खात्यात जायचे आहे, आखातात जायचे आहे, आयटीआयला किंवा दुसऱ्या मंडळात जायचे आहे, त्याने ती द्यावी, वर्षातून दोनदा, हव्या त्या विषयांची आणि हव्या त्या वयात. आपल्याच परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयात कला किंवा वाणिज्य शाखेला जाणाऱ्या मुलीला गणितात तेवीस गुण पडले म्हणून तिचे वर्ष का जावे? राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातही अशा मुलांना गणित व विज्ञान सोडण्याच्या अटीवर पुढे जाऊ देण्याची सूचना २०२४ साली पुढे आली होती, तेव्हा ‘दर्जा घसरला’ म्हणून सर्वांनी टीका केली. दोन विषयांत अनुत्तीर्ण होऊनही एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीत बसता येते, हे त्या टीकाकारांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

निवृत्त नियामक

या बदललेल्या मांडणीशी माझे मतभेद बरेच कमी आहेत. एक धोका मात्र सांगतो. परीक्षा ऐच्छिक केली की ती कोण देतो आणि कोण देत नाही, यावरूनच मुलांचे दोन गट पडतात, आणि शाळा कच्च्या मुलांना ‘तुला परीक्षेची गरज नाही’ असे हळूच सुचवू लागतात. ज्या मुलीला गणितात तेवीस पडले तिला पुढे जाऊ द्या, त्याला माझी हरकत नाही. पण ते तेवीस तिच्या कागदावर खरे लिहिलेले असावेत आणि ते बाहेरच्या माणसाने दिलेले असावेत. आपण आज गुण पाहून मुलाला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे एवढेच ठरवतो. कोणत्या तालुक्यात अपूर्णांकांचे गणित कोणालाच जमलेले नाही, हे त्याच उत्तरपत्रिकांत लिहिलेले असते आणि निकाल लागल्यावर ते शाळेकडे परत कधी येत नाही. प्रश्ननिहाय गुणांचे असे विश्लेषण शाळेला मिळाले, तर निदान पुढच्या वर्गाला कोठून सुरुवात करायची हे तरी तिला कळेल. परिसंवादात ही मागणी जरूर मांडा; तिला कायदा बदलावा लागत नाही.

शाळामास्तर

सर्वांचे आभार. ‘रद्द करावी काय’ या एकाच ठरावाऐवजी मी दोन ठराव ठेवण्याचे ठरवले आहे. पहिला असा की अकरावीतील प्रवेश दहावी उत्तीर्ण होण्यावर अवलंबून नसावा. दुसरा असा की बाहेरच्या परीक्षकाने तपासलेली परीक्षा सर्व नियमित विद्यार्थ्यांसाठी आणि सतरा नंबरवाल्यांसाठीही चालू राहावी, मात्र तिच्या गुणपत्रिकेवर विषयवार गुण असावेत आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा नसावा. शाळेच्या हातातील वीस गुण वेगळ्या रकान्यात छापावेत, एकूण बेरजेत धरू नयेत, ही सूचना उलटतपासणी आणि नियामक सर या दोघांच्याही म्हणण्यातून निघते असे मला वाटते. दोन्ही ठराव एकदम मान्य होतील अशी आशा नाही. आमच्याकडील संस्थाचालकांना ‘शंभर टक्के निकाल’ हा फलक प्रवेशाच्या काळात फार उपयोगी पडतो.

माझा नववीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. दहावीचा निकाल सर्वांना दिसतो. नववीत किती मुले अडवली गेली हे पालकांसमोर मांडायचे तर आकडे कोठून मिळवावेत?

निवृत्त नियामक

नुसत्या नापास मुलांची संख्या मागितलीत तर ती फारच थोडी सांगितली जाईल. शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि दाखल्यांची नोंदवही, पाहा. नववीच्या निकालानंतर, म्हणजे मे ते जुलै या काळात, किती दाखले काढले गेले आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते तपासा. ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिलेली त्यांतील किती मुले त्याच तालुक्यात त्या किंवा पुढील वर्षी सतरा नंबरने दहावीला बसली, हे सतरा नंबरचे अर्ज घेणाऱ्या संपर्क केंद्राच्या यादीशी ताडून पाहता येईल. मुख्याध्यापकच परिसंवाद भरवीत आहेत, तेव्हा दोन-तीन शाळांची रजिस्टरे तरी आपल्याला मिळायला हरकत नसावी.